डोंबिवलीत नवशिक्यांना झेपेल आणि खिशाला परवडेल असा योगवर्ग कसा निवडायचा?

फलाट नंबर पाच

नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला राहते, वय 46. नोकरी घाटकोपरला, एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब विभागात. म्हणजे दिवसभर खुर्चीत आणि जाता-येता लोकलमध्ये उभी. गेल्या पावसाळ्यापासून कंबर धरायला लागली. सकाळी अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हात टेकायचा, मग देवाचं नाव. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, वयाप्रमाणे झीज आहे, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले आणि चिठ्ठीवर लिहून दिलं, 'योगासने सुरू करा'. कुठली, कुठे, कोणाकडे, ते काही चिठ्ठीवर नाही.

माझी अवस्था आधीच सांगून टाकते. मांडी घालून पाच मिनिटांवर बसवत नाही. सत्यनारायणाला आताशा मी मागे खुर्चीत असते. पुढे वाकले की हात गुडघ्यांच्या जरा खाली पोचतात, तिथून पुढे पायांशी माझा संबंध नाही. बीपीची एक गोळी चालू आहे. शाळेतल्या पीटीच्या तासानंतर व्यायाम असा केलेला नाही, जिने सोडून.

चौकशी करून हाती लागलेले पर्याय असे. घरामागच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सहाचा वर्ग आहे, महिना 800, आठवड्यातले पाच दिवस. पंचवीसेक माणसं असतात. सर माइकवरून शिकवतात, खिडकीतून आवाज ऐकू येतो. दुसरा स्टेशनजवळचा नवा स्टुडिओ. एसी, आरसे, आत गेल्यावर गवती चहाचा वास. महिना 3200, पण वर्षाचे एकदम भरले तर 18000. 'मॅम, ही ऑफर आजच्यापुरतीच आहे' असं सांगून आठवडा होऊन गेला, अजून रोज मेसेज येतो. तिसरा ऑनलाइन, महिना 600. शिवाय मैत्रीण म्हणते संस्थांचे वर्ग जवळपास फुकट असतात, तिकडे जा.

माझं बजेट हजार, फार तर बाराशे. सकाळी डबे करून 8च्या सुमाराची गाडी धरायची असते. संध्याकाळी साडेसातपर्यंत घरी.

तर प्रश्न असा की काय बघून ठरवायचं? फी सोडून दुसरं काय विचारायचं असतं तेच मला माहीत नाही. आणि तिथे सगळे रबराच्या बाहुल्यांसारखे वाकणारे असतील आणि मी एकटी ओंडका, असं होतं का?

---

निवांत

एवढा विचार कशाला? यूट्यूब लावा, घरी करा. मी करतो. खर्च शून्य.

---

फलाट नंबर पाच

निवांत, घरी सतरंजी पसरली की त्यावर आधी मांजर येऊन बसतं. ते उठवलं की आतून सासूबाईंचा आवाज येतो, 'मोकळी आहेस तर कुकर बघ'. शिवाय माझं बरोबर चाललंय की चूक, हे मोबाइल सांगत नाही.

---

मोदकपात्र

ताई, मी ठाण्याची, नौपाड्यातली. वय 63, विमा कंपनीतून निवृत्त. चाळिशीत पाठदुखीपायी योगवर्गात गेले ती अजून जातेच आहे, मधल्या काळात वर्ग बदलले, घर बदललं, पाठ तीच आहे. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

वर्ग चांगला की वाईट हे ठरवायला मी एकच गोष्ट बघते. प्रत्येक वर्गात मागच्या ओळीत, बहुतेक दाराजवळ, एक जण असा असतो की ज्याला काहीच जमत नसतं. पोट मधे येतं, गुडघा वाकत नाही, डावं-उजवं चुकतं. बाकी कोणाकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. शिक्षक त्याचं काय करतो? काही शिक्षकांना तो दिसतच नाही, ते पुढच्या ओळीतल्या लवचीक मुलींना शिकवत असतात. काहींना दिसतो, मग ते येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून दाबतात, 'अजून थोडं, अजून थोडं, जमेल'. ही जात जास्त वाईट. आणि एखादाच असा असतो की जो जवळ येतो, जरा बघतो, आणि त्याला भिंतीशी उभं करतो किंवा खुर्ची आणून देतो किंवा सांगतो, तुम्ही हे नको, हे करा. असा शिक्षक सापडला की मग हॉलचा रंग उडालेला असला तरी चालेल.

हे बघायचं तर डेमोला जाऊन भागत नाही. डेमोच्या दिवशी नव्या माणसाची सरबराई होते. आधी विचारा, नुसतं कोपऱ्यात बसून एक तास बघू द्याल का? साडी घेताना घडी उलगडायला लावतो की नाही आपण, तसंच हे. नाही म्हणाले तर तुमचं काम सोपं झालं.

बघताना पहिल्या दहा मिनिटांत काय घेतात तिकडे लक्ष द्या. आल्या आल्या बारा सूर्यनमस्कार घालायला लावत असतील तर ती जागा तुमची नाही. सूर्यनमस्कारांशी माझं वैर नाही हो. औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, आयुष्यभर त्यांचा प्रचार केला, आमच्या वडिलांनी पहाटे उठून घातले, सगळं मान्य. पण त्यात अंगाचा भार मनगटांवर आणि खांद्यांवर येतो आणि कंबर दर नमस्कारात पुढेही वाकते, मागेही. ज्या बाईला सकाळी कुशीवर वळून उठावं लागतं तिला ते पहिल्या महिन्यात कशाला?

नवशिक्यांना पहिल्यांदा सांधे मोकळे करायला शिकवावं. आमच्याकडे घंटाळी मित्र मंडळात बिहारच्या स्वामी सत्यानंदांच्या परंपरेतलं शिकवतात. त्यात पवनमुक्तासनाची मालिका असते, तीन भागांची. पहिला भाग नुसता सांध्यांचा. पाय पसरून बसायचं आणि पायाच्या बोटांपासून सुरुवात करायची. मग घोटा, गुडघा, खुबा, हाताची बोटं, मनगट, कोपर, खांदा, शेवटी मान. बघणाऱ्याला वाटतं हा काय पोरखेळ. मलाही वाटलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना खुब्याने सांगितलं की पोरखेळ नव्हता.

दुसरा रस्ता योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांच्या पद्धतीचा. पुण्याला मॉडेल कॉलनीत 1975पासून त्यांची संस्था आहे. तिथे अंग आसनाला पोचत नसेल तर आसन अंगापाशी आणतात. पट्टा, लाकडी ठोकळा, खुर्ची, लोड, भिंतीतल्या दोऱ्या. हात पायाच्या अंगठ्यापर्यंत जात नाही? तळव्याला पट्टा अडकवा आणि पट्टा धरा. पाठ सरळ राहिली की झालं. या पद्धतीचे वर्ग साधारण महाग असतात, कारण सामान लागतं आणि शिक्षकांची तयारी वर्षानुवर्षांची असते. मात्र 'आमच्याकडे अय्यंगार योग' अशी नुसती पाटी लावलेली असेल तर विचारा, तुम्ही प्रमाणित शिक्षक आहात का? अशा शिक्षकांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर असते.

आता संस्थांचं. तुमची मैत्रीण खरं सांगते. ठाण्यात अंबिका योग कुटीरचं नाव कोणालाही विचारा, हठयोगी निकम गुरुजींनी सुरू केलेलं. पैसे न घेता शिकवतात, आणि शिकवणारेही तिथेच शिकून तयार झालेले स्वयंसेवक. शिस्त कडक. मुंबईकडे सांताक्रूझला योगेंद्रजींनी 1918 साली स्थापन केलेली द योगा इन्स्टिट्यूट आहे, चर्नी रोडला लोणावळ्याच्या कैवल्यधामची शाखा आहे. सगळी भली माणसं. पण तुम्ही घाटकोपरहून येताना ठाण्याला उतरणार, वर्ग करणार आणि पुन्हा संध्याकाळच्या डोंबिवली गाडीत शिरणार, हे पहिल्या आठवड्यात होईल. दुसऱ्यात होणार नाही. घरापासून दहा मिनिटांवरचा बरा वर्ग हा दोन स्टेशनं पलीकडच्या उत्तम वर्गापेक्षा चांगला, हे माझं मत. संस्थेच्या शाखा किंवा त्यांचे विद्यार्थी डोंबिवलीत शिकवतात का, ते मात्र फोन करून जरूर विचारा.

प्रमाणपत्राबद्दल विचारायला लाजू नका. 200 तासांचा कोर्स झालाय म्हणाले तर तो महिन्याभरात उरकता येतो हे ध्यानात ठेवा. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा असते, मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका असते. असेल तर चांगलंच. पण माझ्या सगळ्यांत आवडत्या बाईंच्या भिंतीवर एकही कागद नव्हता. त्या स्वतः कोणाकडे किती वर्षं शिकल्या ते मात्र न अडखळता सांगायच्या. मी विचारते ते एवढंच: तुम्ही अजून कोणाकडे शिकायला जाता का?

आणि ओंडक्याचं म्हणाल तर प्रत्येक वर्गात दोन-तीन असतातच. तेच सगळ्यांत जास्त टिकतात. रबरवाले रीळ काढून झाले की येईनासे होतात.

---

हिशेबनीस

मोदकपात्र यांनी योगाचं सांगितलं, मी पैशाचं सांगतो. (पेशाने करसल्लागार. योगाशी संबंध शवासनापुरता.)

ताई, तुम्ही स्वतः हिशेबातल्या, तुम्हाला काय सांगायचं. पण फी महिन्यावर मोजू नका, हजेरीवर मोजा. 18000 भरले आणि महिन्याला बारा वेळा याप्रमाणे तीन महिने गेलात आणि मग सोडलंत, तर एका तासाला 500 रुपये पडले. बारा महिने नेटाने गेलात तर 125. सोसायटीच्या वर्गाला तितक्याच वेळा गेलात तर तासाला 67च्या आसपास, आणि सोडलंत तर बुडणार फक्त त्या महिन्याचे. वार्षिक पॅकेज विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं की भरणाऱ्यातले बरेच जण येणार नाहीत. सगळे रोज आले तर त्यांच्या हॉलमध्ये मावतील का, हे एकदा त्यांनाच विचारा.

ऑफर 'आजच्यापुरती' असेल तर ती उद्याही असते. मेसेज रोज येतोय म्हणता ना, मग झालं तर.

स्टुडिओने सांगितलेल्या फीवर वेगळा कर लावला तर बिल मागा. 22 सप्टेंबर 2025पासून जिम, योगवर्ग या प्रकारच्या सेवांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. कोणी अजून जुन्या सवयीने 18 लावत असेल तर बोट दाखवा. आणि ज्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे आणि ज्याने नोंदणीच केलेली नाही, त्याला तुमच्याकडून जीएसटी घेताच येत नाही. बिलावर क्रमांक नाही तर कर नाही. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या योगवर्गाला तर या करातून सूट आहे, त्यामुळे संस्थांची फी कमी दिसते त्याचं हेही एक कारण.

आणखी एक. मध्ये महिनाभर जमलं नाही, गावी जावं लागलं, आजारपण आलं, तर पैसे पुढे ओढतात का? तोंडी 'हो हो, बघू' म्हणतात. व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. माझ्या बायकोने एका ठिकाणी सहा महिन्यांचे भरले होते (नाव लिहीत नाही), गावाला सासऱ्यांच्या आजारपणात दोन महिने गेले, परत आली तर 'मॅम, पॉलिसी नाही'. पॉलिसी पावतीच्या मागे इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात होती.

पहिले तीन महिने महिन्याचे महिन्याला द्या. जास्त पडले तरी चालतील.

---

वर्धा रोड

आमच्या नागपुरात ये ना बाई राहायला. जनार्दन स्वामी योगाभ्यासी मंडळाचे वर्ग, रामनगरला मुख्यालय, आणि शहरभर ठिकठिकाणी. फी नाही. माझी आई, मावशी, शेजारच्या काकू सगळ्या तिथल्याच. सतरंजी न्यायची आणि वेळेवर जायचं, बस. तुमच्या मुंबईकडे गवती चहाचे पण पैसे घेऊन राहिले का?

---

हिशेबनीस

वास फुकट आहे. चहा नव्वद रुपये.

---

ओला टॉवेल

मी डोंबिवलीतच योगवर्ग घेते, म्हणून माझ्या वर्गाचं नाव सांगणार नाही, जाहिरात वाटेल. पण टेबलाच्या या बाजूने चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

800 रुपयांत पाच दिवस हे कसं परवडतं त्यांना? तर पंचवीस माणसं घेऊन. हॉलचं भाडं द्यायचं, सोसायटीला काहीतरी द्यायचं, स्वतःचं पोट भरायचं, त्याला डोकी लागतात. मी त्या सरांना दोष देत नाही. पण पंचवीस जणांत हाताखाली कोणी नसेल तर तुमचा गुडघा कुठे चाललाय हे कोणालाच दिसणार नाही. बारा ते पंधरा जणांवर एका माणसाची नजर पोचते, त्यापुढे नाही, हा माझा अनुभव. तेव्हा माणसं किती हे विचारा आणि मदतनीस आहे का तेही विचारा. माइकवर मोजणारा शिक्षक वाईटच असतो असं नाही, पण माइक हातात असला की माणूस जागेवरून हलत नाही एवढं खरं.

आणखी एक कसोटी. तुम्ही चौकशीला गेल्यावर त्यांनी तुम्हाला काय विचारलं? फी, बॅच, पेमेंट कसं करणार, एवढंच? की बीपी आहे का, ऑपरेशन झालंय का, मणक्याचं काही, मानेचं काही, डोळ्यांचं काही? मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे सगळं विचारते आणि वहीत लिहिते. माणसं वैतागतात, 'मॅडम, योगा शिकायचाय, लग्न नाही ठरवायचं'. पण माझ्या दृष्टीने त्यावरच सगळं ठरतं. बीपीची गोळी चालू असलेल्याला मी श्वास रोखायला सांगत नाही, कपालभाती-भस्त्रिका जोरात करू देत नाही, डोकं खाली पाय वर असलं काही देत नाही. काचबिंदू असेल तर डोकं खाली नेणारी आसनं बंदच. मानेच्या मणक्यांचा त्रास असेल तर सर्वांगासन, हलासन, शीर्षासन नाही. चकती सरकलेली असेल तर पुढे वाकणं नाही. पाळीच्या दिवसांत उलटी आसनं नाहीत. तुम्ही स्वतःहून गोळीचं सांगा आणि समोरच्याचा चेहरा बघा. 'काही होत नाही, महिन्यात गोळी सुटेल' म्हणाला तर पायताण घाला आणि निघा. गोळी सुरू करणं, बंद करणं हे डॉक्टरचं काम. माझं नाही.

ताई, तुमच्या मांडीबद्दल. मांडी घालताना बुडाखाली घडी केलेली चादर घ्या, चांगली जाड. बूड गुडघ्यांपेक्षा वर आलं की पाठ आपोआप ताठ होते आणि खुब्यांवरचा ताण कमी होतो. तरी नाही जमलं तर खुर्ची. वज्रासनात गुडघा ओरडत असेल तर पोटरी आणि मांडीच्या मध्ये घडी. या दोन घड्या कोणत्याही वर्गात मागून बघा. 'इथे तसं चालत नाही' असं उत्तर मिळालं तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

दुखण्याबद्दल एवढं ओळखायला शिका: मांडीच्या मागे, पोटरीच्या मध्यात ओढ जाणवते ती चालते, श्वास शांत असेल तर. सांध्यात, गुडघ्याच्या आत, कमरेच्या मणक्यात टोचतं, चमक पायात उतरते किंवा मुंग्या येतात, ते नाही चालत. तिथे लगेच थांबायचं, आणि थांबलात म्हणून ओरडणारा शिक्षक नको.

रिकाम्या पोटाचंही सांगते, संध्याकाळी जाणार म्हणून. जेवण आणि आसनं यांच्यात तीन-चार तास हवेत. तुमचं दुपारचं जेवण एकला असेल तर प्रश्न नाही, पण गाडीत बसल्यावर वडापाव खाऊन याल तर गुडघे पोटाशी दाबायच्या पवनमुक्तासनाला सगळ्या वर्गाला कळेल. ऑफिसमधून निघताना केळं खा.

ऑनलाइनचं थोडक्यात. एकदा प्रत्यक्ष शिकलेल्याला ठीक, नव्याला नाही. पडद्यावर मला तुमची टाच उचललेली दिसत नाही.

शोधायचं असेल तर संध्याकाळी शाळांच्या हॉलमध्ये आणि जुन्या मंगल कार्यालयांच्या वरच्या मजल्यावर बघा. असे वर्ग जाहिरात करत नाहीत, वाण्याच्या दुकानाच्या काचेवर एक कागद चिकटवलेला असतो.

---

फलाट नंबर पाच

सगळ्यांचे आभार. काम झालंय बहुतेक, सांगते.

सोसायटीच्या वर्गाच्या सरांना विचारलं, नुसतं बघू का? 'या की' म्हणाले, मोठ्या मनाने. कोपऱ्यात बसले. आवाज खणखणीत, वेळेचे पक्के, पहिल्या पाच मिनिटांत सूर्यनमस्कार सुरू. मोदकपात्र, तुम्ही सांगितलेला माणूस अगदी सांगितलेल्या जागी होता, दाराजवळ. साठीचे काका, पट्ट्यापट्ट्यांचा टीशर्ट. सगळे खाली गेले की हे अर्ध्यात थांबायचे, एक हात भिंतीला टेकायचे, आणि सगळे वर आले की पटकन हात जोडून उभे. म्हणजे नमस्कार झाल्यासारखाच दिसायचा. सरांनी एकदाही बघितलं नाही. पण काका खूश होते हं. संपल्यावर मला म्हणाले, या उद्यापासून, सगळे मिळून चहाला जातो आम्ही.

मग ओला टॉवेल यांनी सांगितलं म्हणून वाण्याकडे काच बघितली. खरंच कागद होता, साबणाच्या जाहिरातीखाली अर्धा झाकलेला. शाळेचा हॉल, संध्याकाळी पावणेआठ, सोम-बुध-शुक्र, महिना 1000. बाई पन्नाशीच्या, सुती सलवार-कुडता, केसांना साधा चाप. चौकशीला गेले तर फी नंतर सांगितली, आधी गोळीचं नाव विचारलं. मग पिशवीतून वही काढून लिहिलं. मला ओला टॉवेल तुम्हीच आहात की काय असं वाटलं, पण विचारायचं धाडस झालं नाही.

तिथेही आधी बघायला बसले. तेरा-चौदा जण. एका मावशींना गुडघे टेकून बसायला सांगितलं, त्यांनी तोंड वाकडं केलं आणि काही बोलल्या नाहीत. बाई बोलत बोलतच तिकडे गेल्या, कपाटातून गोधडी काढली, दोन घड्या घातल्या, मावशींच्या गुडघ्यांखाली सरकवली, मग एक चादर गुंडाळून पोटरीवर ठेवली आणि म्हणाल्या, आता बसा. मावशी बसल्या. बाई तोवर दुसऱ्या रांगेत पोचलेल्या. मोजून अर्ध्या मिनिटाचं काम, पण मी तिथेच ठरवलं.

शुक्रवारी स्वतः केलं. पाय पसरून बसा, पायाची बोटं पुढे-मागे करा. सोपं होतं. मग म्हणाल्या, अंगठा तसाच ठेवा आणि बाकीची बोटं हलवा. माझा अंगठा सगळ्यांत आधी हलला. शेजारच्या मुलीचाही तोच हलला, ती तर विशीतली आहे. तेव्हा जरा बरं वाटलं. शवासनात मी झोपले असं मला नंतर कळलं, घोरले की नाही ते कोणी सांगत नाही.

स्टुडिओवाल्यांना बिलावर जीएसटी क्रमांक असतो का असं विचारलं. त्यानंतर मेसेज बंद झालेत.

एकच गोष्ट नाही आवडली. हॉलमध्ये पंखे दोनच आहेत आणि डास भरपूर. बाई म्हणाल्या, कछुआ लावतो पण धुरात प्राणायाम कसा करणार. आता ओडोमॉस घेऊन जाते.

मॅटचं सांगा. बाई म्हणाल्या घेतलीच पाहिजे असं नाही. पण शाळेची फरशी आहे आणि सतरंजी सरकते. ऑनलाइन अडीचशेपासून चार हजारांपर्यंत दिसतायत.

---

निवांत

अडीचशेची घेऊ नका. मी घेतली होती, महिन्याभरात टाचेखाली भुगा व्हायला लागला. (हो, यूट्यूबवर करणाऱ्यालाही मॅट लागते. खर्च शून्य हे जरा वाढवून सांगितलं.)

---

ओला टॉवेल

मी नव्हे त्या, पण कोण असतील याचा अंदाज आला. चांगल्या आहेत, जा.

मॅट 6 मिलिमीटरची घ्या, पाचशे ते आठशेत येते. 10-12 मिलिमीटरच्या जाड मऊ मॅटा दिसतात त्या झोपून करायच्या व्यायामाला बऱ्या, त्यावर उभं राहून तोल सांभाळताना पाय रुततो. दुकानात जाऊन घ्या, तळहात दाबून पुढे ढकलून बघा, हात सरकला तर ठेवून द्या. नव्या मॅटला सुरुवातीला गुळगुळीतपणा असतो, ओल्या फडक्याने दोनदा पुसून सावलीत वाळवा. उन्हात नको, तडकते.

आणि सतरंजी टाकून देऊ नका. ती घडी करून बुडाखाली घ्यायला लागणारच आहे.

---

मोदकपात्र

डासांसाठी कडुनिंबाचं तेल खोबरेल तेलात मिसळून पायांना लावा. वास येतो, पण मग शेजारी कोणी मॅट टाकत नाही, जागा ऐसपैस मिळते.